इटलीच्या लोककथा आणि त्यांतली मूल्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या लोककथा वाचणाऱ्या, मुलांना सांगणाऱ्या आणि मराठीत आणू पाहणाऱ्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'इटालियन लोककथा' असं काही एकसंध आहे का?

नाही, आणि हे आधीच लक्षात घेतलं तर पुढचा बराच गोंधळ टळतो. इटली हे राष्ट्र १८६१ साली उभं राहिलं. तेव्हा प्रमाण इटालियन बोलता येणारे लोक एकूण लोकसंख्येच्या जेमतेम २.५ ते १० टक्के होते, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. बाकीचे लोक सिसिलियन, नेपोलिटन, व्हेनेशियन, फ्रिउलियन, सार्डिनियन अशा आपापल्या बोलीत बोलत आणि कथाही त्याच बोलीत सांगत. म्हणून कोणतीही कथा हाती आली की ती कोणत्या प्रांतातली, हे पहिल्यांदा पाहावं. सिसिलीच्या कथेत समुद्र, चाचे आणि नशीब येतं, तर उत्तरेकडच्या कथेत गोठा, बर्फ आणि जंगल.

२. सुरुवात कोणत्या संग्रहापासून करावी?

इतालो काल्व्हीनो या इटालियन लेखकाच्या १९५६च्या संग्रहापासून. त्यात सगळ्या प्रांतांतल्या २०० कथा आहेत आणि इंग्रजी भाषांतरही मिळतं. त्यानंतर जुझेप्पे पित्रे. हे पालेर्मोचे डॉक्टर. रुग्णांकडे ये-जा करता करता त्यांनी सिसिलीच्या कथा बोलीतच उतरवून घेतल्या आणि १८७५ साली चार खंडांत ३०० कथा छापल्या. जांबात्तिस्ता बाझीले यांचा नेपल्सचा संग्रह शेवटी घ्यावा. तो १६३४ ते १६३६ या काळात, लेखकाच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याची भाषा जुनी नेपोलिटन आणि अलंकारांनी लगडलेली, त्यामुळे तिथून सुरुवात करणारे बहुतेक जण मध्येच थांबतात.

दोनशे कथा सलग वाचू नका. तीच तीन कामं, तीच म्हातारी पुन्हा भेटते आणि कंटाळा येतो. एका प्रांताच्या दहा कथा घ्या आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी टिपा: कथेत कोण काय खातं, नायक किंवा नायिका कुणाला काय देते, आणि राजा कसा वागतो. मूल्यं याच तीन ठिकाणी दिसतात. कथेच्या शेवटी तात्पर्य सहसा नसतंच.

३. काल्व्हीनोंच्या कथा लोकांनी सांगितल्या तशाच आहेत का?

नाहीत. त्यांनी त्या बोलींतून इटालियनमध्ये आणल्या, एका पाठात (म्हणजे कथेच्या एका रूपात) दुसऱ्याचे तुकडे मिसळले, कुठे कुठे स्वतःची भर घातली, आणि हे टिपांमध्ये प्रामाणिकपणे नोंदवलं. वर काही घातल्याशिवाय कथा सुंदर होत नाही, अशा अर्थाची टस्कनीची एक म्हण ते पुढे करतात. वाचनासाठी हा संग्रह उत्तमच आहे. पण 'सिसिलीत असं म्हणत' असं लिहायचं असेल तर पित्रे यांचा पाठ ताडून पाहा.

४. या कथा कोण सांगत असे, आणि कुठे?

बहुतेक वेळा बायका, आणि हात कामात असताना. उत्तर इटलीत हिवाळ्याच्या रात्री सगळे गोठ्यात जमत, कारण गुरांच्या अंगाच्या उबेमुळे सरपण वाचे. बायका सूत कातत आणि कथा चालत. व्हेनेतो भागात या बैठकीला 'फिलो' म्हणतात. हा शब्द कातण्यावरूनच आला आहे. टस्कनीत तीच बैठक चुलीपुढे भरे.

पित्रे यांना सर्वांत उत्तम कथा दिल्या त्या आगातुत्सा मेस्सिया या पालेर्मोच्या गोधड्या शिवणाऱ्या आजींनी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि कथा त्यांना आपल्या आजीकडून मिळाल्या होत्या. त्यांच्या कथांत परटीण, विणकरीण, भटारीण अशा कष्टकरी बायका एवढ्या ठसठशीत का आहेत, हे यावरून कळतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

५. 'आटपाट नगर'सारखी सुरुवात आणि 'साठा उत्तरांची कहाणी'सारखा शेवट त्यांच्याकडे आहे का?

आहे. इटालियनमध्ये 'चेरा ऊना व्होल्ता', म्हणजे 'एकदा होतं'. सिसिलीत कथा 'सांगतात आणि पुन्हा सांगतात' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. शेवट मात्र जास्त बोलका असतो: 'ते राहिले सुखी-समाधानी, आणि आम्ही इथे हात रिकामे.' टस्कनीत म्हणतात, 'पान रुंद, वाट अरुंद. माझी सांगून झाली, आता तुमची सांगा.' पहिला शेवट ऐकणाऱ्याला थेट त्याच्या उपाशी घरात आणून सोडतो आणि दुसरा पुढच्या माणसाला बोलतं करतो. भाषांतरात 'आणि ते सुखाने नांदू लागले' एवढंच लिहिलं तर कथेतला तिखट भाग निघून जातो.

६. नशिबावर एवढा भर आहे, म्हणजे या कथा माणसाला हातावर हात ठेवून बसायला शिकवतात का?

उलट आहे. पालेर्मोची 'स्फोर्तूना' ही कथा पाहा. या शब्दाचा अर्थच दुर्दैव. ही राजकन्या जिथे आसरा घेते तिथे रात्री कुणीतरी येऊन विणकरणींचं कापड फाडतं, दुकानातला माल नासवतं. ती तिची स्वतःची नियती असते. शेवटी तिला फ्रांचेस्का नावाची परटीण ठेवून घेते. मुलगी राजपुत्राचे कपडे इतके नेटके धुते की तो जास्त पैसे देतो. त्या पैशांतून परटीण पीठ आणते, कड्यासारखे दोन पाव भाजते आणि एक आपल्या नियतीला, दुसरा मुलीच्या नियतीला द्यायला पाठवते. मुलीची नियती म्हणजे मळकट, केस पिंजारलेली, खेकसणारी म्हातारी. ती पाव धुडकावते. मुलगी पुन्हा जाते, तिला धरून न्हाऊ घालते, केस विंचरते, नवे कपडे नेसवते. तेव्हा कुठे म्हातारी निवळते आणि एक डबी देते. डबीत असतो वीतभर गोटा, म्हणजे कपड्याला लावायची किनार. राजपुत्राच्या लग्नासाठीच्या पोशाखाला नेमका तेवढाच गोटा कमी पडलेला असतो. तो सोन्याने तोलायला बसतात, आणि कितीही सोनं घातलं तरी पारडं हलत नाही.

आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते आणि ते लिहिणं पुसता येत नाही. सिसिलीत नियतीला पत्ता आहे. तिच्याकडे जाता येतं, तिची सेवा करता येते, तिचे केस विंचरता येतात. आणि विंचरायला लागतं ते कौशल्य परटिणीकडे राहून आलेलं असतं.

७. दुसऱ्याला देणं हे मूल्य इतक्या कथांत दिसतं. त्यात विशेष काय?

देणं नेमकं असावं लागतं. फ्लॉरेन्सच्या 'प्रेत्झेमोलीना'त (प्रेत्झेमोलो म्हणजे पार्सली) नायिकेला फाता, म्हणजे जादू जाणणाऱ्या बायका, फाता मोर्गानाच्या घरून डबी आणायला पाठवतात. तिथून परत येऊ नये हाच हेतू. करकरत आपटणाऱ्या दाराला ती वंगण लावते, चावऱ्या कुत्र्यांना पाव टाकते, स्वतःचे केस उपटून जोडे शिवणाऱ्या चांभाराला दोरा देते, हातांनी तापलेली भट्टी साफ करणाऱ्या भटारणीला भट्टी झाडायचं साधन देते. फाता मोर्गाना मागून ओरडते, 'धरा तिला!' तेव्हा दार, कुत्रे, चांभार, भटारीण सगळे नकार देतात. इतकी वर्षं राबलो, तू काही दिलं नाहीस, हिने दिलं.

कथा सांगताना चूक होते ती इथे. 'तिने सगळ्यांना मदत केली' एवढं म्हणून पुढे गेलात तर कथा मेली. कोणाला काय हवं होतं ते एकेक करून सांगायला हवं, आणि परतीच्या वाटेवर उलट्या क्रमाने.

८. बायका या कथांत सोशिकच असतात का?

सोशिक नायिका आहेत, पण हुशार बायकांच्या कथा जास्त रसरशीत आहेत. टस्कनीतल्या पिस्तोया भागात एक शेतकऱ्याची मुलगी आहे. बापाला मळ्यात सोन्याचा खल सापडतो. ती सांगते, 'राजाला देऊ नका, तो विचारेल बत्ता कुठे आहे.' राजा नेमकं तेच विचारतो. मग तो तिला कोड्यात टाकतो: ना नागवी ना कपड्यांत, ना उपाशी ना जेवून, ना दिवसा ना रात्री अशी ये. ती प्रत्येक अट पुरी करते आणि राणी होते. पुढे राजा एक अन्यायी निवाडा देतो: गाडीखाली सापडलेलं वासरू गाडीवाल्याचं, गाईवाल्याचं नाही. ती गरिबाला कोरड्या जागी मासे धरायला बसवते. 'गाडीला वासरू होत असेल तर इथे मासेही मिळतील.' राजा चिडून तिला माहेरी धाडतो, मात्र सर्वांत आवडती एक वस्तू नेण्याची मुभा देतो. ती झोपलेल्या राजालाच उचलून नेते.

ही कथा फक्त चातुर्याची नाही. न्याय चुकला तर तो दुरुस्त करणारी व्यक्ती घरातच आहे, आणि ती शेतकऱ्याची पोर आहे.

९. जुफा मूर्ख आहे की शहाणा?

सिसिलीच्या विनोदी कथांतला हा पोरगा शब्दाला शब्द मानणारा आहे. आई म्हणते, 'बाहेर पडताना दार ओढून घे.' तो दार उखडून ओढत नेतो. न्यायाधीश म्हणतो, 'माशी दिसेल तिथे मार.' माशी न्यायाधीशाच्या नाकावर बसते. फाटक्या कपड्यांत गेला तर हाकलतात, चांगल्या कपड्यांत गेला तर पंगतीला बसवतात, म्हणून तो घास कपड्यांना भरवतो.

नाव अरबी जुहावरून आलेलं आहे. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांचं राज्य होतं. मराठी वाचकांना माहीत असलेला मुल्ला नसरुद्दीन याच कुळातला. टस्कनीत त्याचा भाऊबंद जुक्का. पंचतंत्रातही राजाची माशी मारायला जाणारं माकड आहे, पण तिथला रोख मूर्ख सेवकावर असतो. सिसिलीत ठोसा खाणारा स्वतःच हुकूम देणारा असतो, आणि हसू कचेरीवर येतं. जिथे कायदा कायम परक्या सत्तेचा होता, तिथे हे हसू उगाच नाही.

१०. धर्म आणि देव या कथांत कसे येतात?

येशू आणि संत पीटर वाटसरू म्हणून खेड्यापाड्यांतून फिरतात आणि पीटर सगळ्या माणसांसारखा हावरा, आळशी असतो. सिसिलीच्या एका कथेत येशू शिष्यांना एकेक दगड उचलायला सांगतो. पीटर सर्वांत लहान उचलतो आणि दगडांचे पाव होतात. दुसऱ्या वेळी तो धोंडा उचलतो, तर येशू म्हणतो, 'आता यावर बसा.' पीटरची आई तर कंजूषपणाचा नमुनाच. आयुष्यभरात तिने दिलेला एक कांद्याच्या जातीचा पाला, तोही हातून वाहून गेलेला. त्याच्याच आधाराने तिला नरकातून वर ओढतात, इतर जीव तिला लटकतात, ती लाथा मारते आणि पाला तुटतो. जनाबाईसोबत दळणारा विठ्ठल ज्यांना ठाऊक आहे त्यांना देवाची ही सलगी परकी वाटणार नाही.

११. 'फाता'चं भाषांतर परी करावं का?

शक्यतो नको. परी म्हटलं की पंख आणि चांदीची काठी डोळ्यांपुढे येते. प्रश्न ७ मधल्या फाता माणसं खातात. 'फाता' हा शब्द नियतीच्या लॅटिन शब्दाशी जोडलेला आहे. 'फाता' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात 'जादू जाणणारी बाई' एवढं सांगावं. 'ओर्को'ला मात्र राक्षस चालतं. 'स्त्रेगा' म्हणजे चेटकीण.

१२. सिंड्रेला मुळात इटलीची का?

मूळ कुणाचं हे सांगता येत नाही. नवव्या शतकातला चिनी पाठ याहून कितीतरी जुना आहे. पण युरोपात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या रूपांपैकी एक बाझीलेंचं आहे. त्यांची झेझोल्ला आपल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण पाडून तिचा जीव घेते, शिक्षिकेच्या सांगण्यावरून. मग शिक्षिकाच सावत्र आई होते आणि सहा मुली बाहेर काढते. जादू येते सार्डिनियातून आणलेल्या खजुराच्या रोपातून. काचेचा बूट इथे नाही. तो १६९७च्या फ्रेंच पाठातला.

१३. मग पिनोकिओ?

ती लोककथा नाही. कार्लो कोल्लोदी यांनी ती १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः लिहिली आणि १८८३ साली पुस्तक निघालं. निळ्या केसांची फाता आणि बोलके प्राणी लोककथेतून आले आहेत, एवढंच.

१४. पंचतंत्राचा इटलीशी खरा संबंध आहे का, की नुसतं साम्य?

खरा आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी या इराणच्या जुन्या भाषेत, आठव्या शतकात अरबीत, तिथून हिब्रूत गेलं. तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने ते लॅटिनमध्ये आणलं. कापुआ हे नेपल्सजवळचं गाव. १५५२ साली व्हेनिसमध्ये आन्तोन फ्रान्चेस्को दोनी यांनी त्याचं इटालियन रूप छापलं. मात्र म्हणून प्रत्येक सारखी दिसणारी कथा भारतातून गेली असं समजू नये. हुशार मुलीची कोडी (प्रश्न ८) जगभर सापडतात.

१५. बेफाना चेटकीण आहे का?

झाडू आहे, नाक वाकडं आहे, पण ती चेटकीण नाही. ५ जानेवारीच्या रात्री ती मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते. खोडकरांना कोळसा. तिचं नाव ६ जानेवारीच्या 'एपिफानिया' सणावरून आलं. बाळ येशूला भेटायला निघालेल्या ज्ञानी राजांनी वाट विचारली आणि सोबत बोलावलं, ती घरकामामुळे गेली नाही, मग पस्तावून घरोघरी बाळाला शोधू लागली, अशी कथा सांगतात. १९७७च्या कायद्याने या सणाची सुट्टी काढून टाकली होती. १९८५च्या अखेरीस ती परत आली, यावरून लोकांचा जीव किती होता ते दिसतं.

कोळसा हल्ली साखरेचा असतो आणि घरी करता येतो. एका अंड्याचा पांढरा भाग, १५० ग्रॅम पिठीसाखर, थोडा लिंबाचा रस आणि काळा खाद्यरंग घोटून घट्ट करा. ४०० ग्रॅम साखर आणि १३० मिली पाण्याचा पाक १४० अंश सेल्सियसपर्यंत न्या. गॅस बंद करून घोटलेल्या मिश्रणाचे दोन मोठे चमचे त्यात घालून भराभर ढवळा. फसफसून वर आला की लगेच कागद लावलेल्या डब्यात ओता. पाक कमी तापला तर फुगत नाही आणि जाळी पडत नाही. उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो. भांडं खोलगट घ्या आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

१६. दृष्ट काढण्यासारखं काही आहे का? आणि घरातली भुतं?

'मालोक्यो', म्हणजे वाईट डोळा. खोलगट ताटलीत पाणी घेऊन त्यात तेलाचे थेंब सोडतात. थेंब गोल राहिले तर ठीक, पसरले तर दृष्ट लागली. मग पुटपुटायचे शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवले जातात. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या-मिरच्या विस्तवात टाकून ठसका येतो का ते पाहतात. तिथे परीक्षा तेलाची.

नेपल्सच्या घरांत 'मोनाचेल्लो', छोटा साधू, वावरतो. पैसे ठेवून जातो, पण कुणाला सांगितलंत की पैसे गेले. जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यांत उतरणारे विहीरवाले गुप्त वाटांनी घरांत शिरत, त्यावरून हे निघालं असं एक स्पष्टीकरण आहे. बेनेव्हेन्तोच्या भागात 'यानारा' दाराच्या फटीतून येते, म्हणून दाराशी झाडू किंवा मिठाची पिशवी ठेवतात. काड्या आणि कण मोजता मोजता तिला पहाट होते.

१७. काही कथांत काळी दासी कपटी दाखवली आहे. मुलांना हे कसं सांगायचं?

'तीन डाळिंबं' या प्रकारच्या कथांत 'कुरूप सारासीन' (सारासीन म्हणजे अरब, मुसलमान) स्त्री खऱ्या वधूची जागा घेते. बाझीलेंच्या संग्रहातल्या सगळ्या कथांना गुंफणाऱ्या चौकटकथेतही गुलाम स्त्रीच तोतया राणी आहे. भूमध्य समुद्रावर दोन्ही बाजूंनी माणसं पळवून विकली जात, नेपल्स आणि सिसिलीत गुलाम होते, आणि कथेने त्या बायकांकडे मालकांच्या डोळ्यांनी पाहिलं. हा या परंपरेचा दोष आहे, तो गोड करून सांगू नये. मुलांना सांगताना 'कपटी दासी' म्हणा, रंग गाळा. कथेचं काहीही बिघडत नाही. मोठ्यांसाठी लिहिताना मात्र रंग गाळू नका, त्याची चर्चा करा.

बाझीलेंची तालिया, म्हणजे झोपलेल्या सुंदरीची कथा, लहानांना सांगूच नका. तिथला राजा झोपलेल्या मुलीवर बळजबरी करतो. संग्रहाच्या नावात 'छोट्यांची करमणूक' असे शब्द असले तरी तो दरबारी मोठ्यांसाठी लिहिलेला आहे.

१८. नावं मराठीत कशी लिहावीत?

इटालियन 'सी'पुढे 'इ' किंवा 'ए' आला तर च, त्यात 'एच' असेल तर क. म्हणून चेनेरेन्तोला (सिंड्रेलाचं इटालियन नाव), पण पिनोकिओ. 'जी'चंही तसंच: जुफा, जोव्हान्नी. इंग्रजी उच्चारावरून 'गिउफा' लिहिलेलं दिसतं, ते चूक.

१९. एकाच कथेचे दोन शेवट सापडले. खरा कोणता?

दोन्ही. सिसिलीतल्या मेस्सीना शहराचा कोला पेशे, म्हणजे 'मासा-निकोला', राजासाठी समुद्राच्या तळाशी जातो आणि सांगतो की सिसिली तीन खांबांवर उभी आहे, त्यातला एक तडकला आहे. काही पाठांत राजा पुन्हा पुन्हा वस्तू पाण्यात फेकतो आणि तो परत येत नाही. इथे दोष राजाच्या हट्टाचा. काही पाठांत तो स्वतःच खाली राहून खांबाला खांदा देतो, आणि त्याने खांदा बदलला की जमीन हलते, जशी आपल्याकडे शेषाने फणा हलवली की. मेस्सीनाने २८ डिसेंबर १९०८ रोजी शहर जमीनदोस्त करणारा भूकंप पाहिला आहे, आणि तिथे हा दुसरा शेवट सांगतात तेव्हा तो परीकथेसारखा सांगत नाहीत. लिहिताना कोणता पाठ कुठला ते नोंदवा, दोन्हींचं मिश्रण करून तिसरा बनवू नका.